उंच बैठकीची निवड

जुन्या मराठी घरांत माणसाला उंचावर बसविण्याची सोय फारशी कोणी केली नव्हती. उंच जागा होती ती पाण्याची. घडवंचीवर हंडे-कळशा आणि जमिनीवर माणसें, अशी ती व्यवस्था. बसावयाचें तें पाटावर, फार तर चौरंगावर. एखादी तिवई घरांत असलीच तर तिच्यावर दिवा किंवा तांब्या-भांडें ठेवलेलें असे. भाजी विळीवर चिरली जाई, दळण जात्यावर होई, पोळ्या चुलीपुढें लाटल्या जात. सारें कांहीं मांडी घालून किंवा एक पाय दुमडून. पुढें स्वयंपाक ओट्यावर आला आणि बसून काम करणारी गृहिणी उभी राहिली. ती जवळजवळ कायमचीच उभी राहिली, कारण ओट्याची उंची उभ्या माणसाची आणि घरांतल्या खुर्च्यांची उंची टेबलाची. दोहोंची सांगड घालणारें आसन घरांत नव्हतें.

तें आसन आतां शहरांतील घरांत शिरलें आहे. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांमधली भिंत काढावयाची आणि तिच्या जागीं ग्रॅनाइटचा किंवा लांकडी फळीचा एक उंच ओटा घालावयाचा, ही पद्धत नव्या फ्लॅटांतून बरीच रूढ झाली आहे. या ओट्याला सर्रास काउंटर म्हणतात. त्याच्यापुढें दोन-तीन उंच स्टुलें मांडलीं कीं खोलीला एक प्रकारची ऐट येते, आणि सकाळचा चहा, मुलांचें दूध-पोहे, आल्यागेल्याशीं चार शब्द, हें सारें तेथेंच उरकेल अशी घरच्यांची अपेक्षा असते. प्रत्यक्षांत पुष्कळ घरांत तीं स्टुलें थोड्याच दिवसांत रद्दी आणि दप्तरें ठेवण्याच्या उपयोगीं पडतात आणि माणसें पुन्हां जेवणाच्या टेबलाकडे वळतात. स्टूल चित्र पाहून घेतलेलें असतें आणि माप कोणीच घेतलेलें नसतें, हें त्याचें साधें कारण होय.

उंच स्टूल मद्यगृहांतून घरांत आलें असा सर्वसाधारण समज आहे, आणि बैठकीच्या खोलीकडील स्टुलांपुरता तो बरोबरहि असेल. पण स्वयंपाकघरांतील स्टुलाची वंशावळ थोडी निराळी आहे. १९२६ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुशास्त्रज्ञ बाईंनीं एक स्वयंपाकघर आंखलें. तें जेमतेम १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होतें. आगगाडीच्या भोजनडब्याला जोडलेल्या चिमुकल्या मुदपाकखान्याचा आदर्श त्यांच्यापुढें होता. अशीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें तेथें बांधलीं गेलीं. त्या चिंचोळ्या खोलींत खिडकीखालीं कामाची फळी होती आणि तिच्यापुढें एक फिरतें स्टूल. बाईनें उजेडांत बसून भाजी चिरावी, सालें-देठें जवळच्या खणांत सरळ लोटून द्यावीं, आणि उठल्यावांचून अंग वळवून दुसरें काम हातीं घ्यावें, अशी ती योजना. गृहिणीचे दिवसाचे किती तास आणि किती पावलें खर्चीं पडतात याचा हिशेब तेथें केलेला होता. शोभेचा विचार बराच मागाहूनचा होता.

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील काउंटर पाहिला म्हणजे एक गोष्ट डोळ्यांत भरते. सारीं स्टुलें बाहेरच्या बाजूला असतात. बाहेर बसणारे बसून खातात आणि आंतली बाई उभी राहून वाढते. भिंत गेली, पण तिच्या दोहों बाजूंची वांटणी कायम राहिली. म्हणून स्टुलांची निवड करणाऱ्या कुटुंबानें पहिला प्रश्न रंगाचा किंवा किंमतीचा विचारूं नये. या घरांत उंचावर बसण्याची खरी गरज कोणाला आहे, आणि कोणाला तें मुळींच झेपणार नाहीं, हें आधीं ठरवावें. बाकीचीं सारीं मापें त्यावरून निघतात.

मापांत मुख्य माप उंचीचें. परंतु स्टुलाची अमुकच उंची योग्य असा नियम करतां येत नाहीं. जपावयाचें असतें तें आसन आणि फळी यांमधलें अंतर. जेवणाचें टेबल साधारणतः २९-३० इंच उंच असतें आणि खुर्चीची बैठक १७-१८ इंचांवर, म्हणजे अंतर सुमारें १२ इंच. हेंच अंतर उंच ओट्यालाहि लागू पडतें. आसनापासून फळीच्या माथ्यापर्यंत १० ते १२ इंच असले म्हणजे कोपर सुखानें फळीवर टेकतें आणि मांड्यांना खालीं मोकळीक राहते. याहून कमी असल्यास मांड्या फळीला घांसतात. अधिक असल्यास खांदे कानांकडे चढतात आणि जेवणारा लहान मुलासारखा ताटाच्या कांठावरून डोकावूं लागतो. फळीची जाडीहि विसरूं नये. कांहीं ठिकाणीं ग्रॅनाइटखालीं प्लायवुड आणि पुढें जाड दिसणारी पट्टी जोडलेली असते. तेथें माथ्यापासूनचें माप पुरेसें असूनहि गुडघे अडतात. म्हणून फळीच्या खालच्या कडेपासून आसनापर्यंत निदान ८ इंच मोकळे राहतात कीं नाहीं, हें निराळें पाहावें.

आतां बाजारांत काय मिळतें तें पाहिलें म्हणजे घोटाळा कोठें होतो हें ध्यानांत येईल. उंच स्टुलांचीं रूढ मापें अमेरिकन घरांवरून आलेलीं आहेत. तिकडे स्वयंपाकाचा ओटा ३६ इंचांचा आणि मद्यपानाचा उंच काउंटर ४२ इंचांचा धरतात. म्हणून एका जातीचीं स्टुलें २४ ते २६ इंच आणि दुसऱ्या जातीचीं २८ ते ३० इंच उंचीचीं करतात. आपल्याकडे ओटा बहुधा ३२ ते ३४ इंचांचा असतो, कारण तो घरांतील बाईच्या उंचीला धरून घातलेला असतो, आणि तें योग्यच आहे. समजा, ओटा ३३ इंचांचा आहे. त्याला २१ ते २३ इंचांचें स्टूल हवें. त्याच्यापुढें २६ इंचांचें आणून ठेवलें तर सातच इंच उरतात, आणि ३० इंचांचें ठेवलें तर अवघे तीन. मग बसणाऱ्याला एका बाजूला वळून, पाय बाहेर सोडून, कोपर एखाद्या पुढाऱ्याप्रमाणें फळीवर टाकून बसावें लागतें. छायाचित्राला ती बैठक शोभेल. तिच्यावर बसून आमटी-भात खाणें कठीण.

चुकीच्या उंचीचें स्टूल घरांत आलेंच असेल तर तें टाकून देण्याचें कारण नाहीं. लांकडी स्टुलाचे पाय सुतार खालून दोन-तीन इंच कापून देतो. पोकळ नळीचे लोखंडी पायहि कापतां येतात, मात्र टोंकांना नवीं रबरी बुचें बसवावीं लागतात. पाय बाहेर कललेले असल्यास त्यांचीं टोंकेंहि त्याच कलानें तिरपीं कापलीं पाहिजेत; सरळ कापल्यास स्टूल कडांवर उभें राहतें आणि फरशीवर ओरखडे उठतात. खालून कापल्यानें आसन आणि पाय टेकण्याची दांडी यांमधलें अंतर मात्र बदलत नाहीं, आणि हें अंतर स्वतंत्रपणें विचार करण्यासारखें आहे.

उंच आसनावर बसलेल्या माणसाची जमीन म्हणजे ती दांडी. ती नसेल, किंवा पाय तिच्यापर्यंत पोंचत नसतील, तर पायांचा सारा भार मांडीच्या खालच्या अंगावर, आसनाच्या कडेशीं येतो. तेथील शिरा दबतात, रक्ताचें वाहणें मंदावतें आणि थोड्याच वेळांत पायांना मुंग्या येतात. मुंग्या आलेल्या पायांनीं उंचावरून उतरणें म्हणजे पडण्याला आमंत्रण. खुर्चीवर बसल्यावर जमीन जितकी खालीं असते तितक्याच अंतरावर दांडी असावी, हें तत्त्व सर्वांना मान्य आहे. आणि त्याप्रमाणें कारखानदार ती आसनाखालीं १७-१८ इंचांवर लावतात. येथेंहि पुन्हां उंच बांध्याचा माणूस गृहीत धरलेला आहे. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारें ५ फूट. तिच्या गुडघ्यामागच्या खळीपासून टांचेपर्यंतचें अंतर साधारण १५ इंच भरतें. १८ इंचांवरची दांडी तिच्या पायांखालीं तीन इंच उरते. ती पायाच्या बोटांनीं दांडी शोधत राहते, पुढें सरकून आसनाच्या कडेवर बसते, आणि पाठीला आधार असला तरी तो तिला मिळत नाहीं. दुकानांत स्टुलाच्या आसनाची उंची विचारणारे पुष्कळ भेटतात. दांडी कितीवर आहे हें विचारणारा विरळा. वस्तुतः दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सुताराकडून स्टूल करवून घेणाऱ्यांनीं दांडी १५-१६ इंचांवर लावण्यास सांगावें, आणि घरांत उंच माणसेंहि असतील तर समोरासमोरच्या दोन दांड्या निरनिराळ्या उंचीवर लावून घ्याव्या. स्टूल फिरवून ठेवलें कीं काम भागतें. वर्षानुवर्षें पाय टेकून लांकडी दांडीचें पॉलिश जातें, म्हणून तिच्यावर पितळेची पातळ पट्टी ठोकतात. ती दिसतेहि चांगली.

गुडघ्यांच्या जागेचा प्रश्न याहूनहि दुर्लक्षित आहे. ओट्याखालीं पुढपर्यंत कपाटें आणि खण असले तर त्याच्यापुढें कोणतेंहि स्टूल मांडलें तरी बसणारा माणूस कपाटाच्या दारावर गुडघे आपटत बसणार. फळी कपाटापुढें बाहेर आलेली पाहिजे. अमेरिकेंतील स्वयंपाकघर-रचनेच्या प्रचलित संकेतांप्रमाणें ३६ इंच उंचीच्या ओट्याला १५ इंच आणि ४२ इंच उंचीच्या ओट्याला १२ इंच खोल मोकळी जागा हवी. बैठक जसजशी उंच होते तसतसे पाय अधिक सरळ खालीं येतात, म्हणून खोली कमी पुरते. आपला ओटा याहून ठेंगणा, तेव्हां १५ इंचांहून कमी जागेवर भागविण्याचा मोह धरूं नये. मात्र दगडाची फरशी इतकी बाहेर काढावयाची तर तिला खालून आधार हवा. सुमारें २ सेंटिमीटर जाडीचा ग्रॅनाइट ६ इंचांपलीकडे निराधार सोडूं नये असा कारागिरांचा साधारण संकेत आहे. पुढें आलेल्या दगडावर हात टेकून माणसें उठतात, मुलें लोंबकळतात. लोखंडी ब्रॅकेटांचा खर्च येथें वांचवूं नये.

आतां आंतल्या बाजूच्या स्टुलाविषयीं. काम करणारीसाठीं एक आसन ठेवावयाचें ठरलें, तर ओट्याखालचें एक कपाट, सुमारें २४ इंच रुंदीचें, काढून तेथें गुडघ्यांसाठीं कोनाडा मोकळा सोडावा. घर नवें होत असतांना ही गोष्ट बिनखर्चाची असते. पुढें तीच अवघड होते. शेंगा सोलणें, भाजी निवडणें आणि चिरणें, मोदक वळणें, डबे भरणें, हीं सारीं कामें तेथें बसून होतात. पोळ्या लाटण्याचें काम तितकें सुखानें होत नाहीं, कारण लाटण्यावर वरून भार द्यावा लागतो आणि त्यासाठीं पोळपाट कोपरांहून चांगला चार-सहा इंच खालीं असावा लागतो. उंच स्टुलावर बसून तो तसा येत नाहीं. आणि गॅसच्या अगदीं समोर तर बसूंच नये. कढईंतलें तेल उडालें तर उभा माणूस क्षणांत मागें होतो. दांडीवर पाय अडकवून बसलेल्याला तें जमत नाहीं. कोनाडा गॅसपासून दूर, शक्य तर खिडकीजवळ असावा.

स्टूल उलटतें तें बहुधा बसलेलें असतांना नव्हे. चढतांना किंवा उतरतांना. चढणारा एका बाजूच्या दांडीवर सारा भार टाकतो आणि तो भार पायांच्या चौकोनाबाहेर गेला कीं स्टूल कलतें. म्हणून पाय जमिनीपाशीं आसनाहून अधिक पसरलेले असावे. दुकानांत नुसतें बसून पाहण्यांत अर्थ नाहीं. एका बाजूच्या दांडीवर हळूहळू भार देऊन, हात कशाला तरी धरून, तें जमीन सोडतें कीं काय हें पाहावें. तीन पायांचें स्टूल खडबडीत फरशीवर कधींच डुगडुगत नाहीं. तीन टेकू कोणत्याहि पृष्ठावर बसतात हा भूमितीचा साधा नियम आपल्या तिवईनें पाळला, आणि फिनलंडच्या आल्वार आल्टो यांनीं १९३३ सालीं भूर्ज लांकूड वांकवून केलेल्या प्रसिद्ध ठेंगण्या स्टुलानेंहि पाळला. परंतु तीन पायांचें आसन दोन पायांच्या मधल्या अंगाला लवकर कलतें. ठेंगण्या तिवईला तें खपून जातें, उंच स्टुलाला खपत नाहीं. एकाच खांबावर फिरणारें आणि वायूच्या नळकांड्यानें वरखालीं होणारें स्टूल निरनिराळ्या उंचीच्या माणसांना सोयीचें खरें. पण त्याची खालची तबकडी रुंद आणि चांगली जड असली पाहिजे. स्वस्त स्टुलांत नेमकी तीच हलकी केलेली असते.

घरांत वृद्ध माणसें असतील तर विचाराला निराळें वळण द्यावें लागतें. ज्याचे गुडघे दुखतात त्याला नेहमींच्या खुर्चीहून दोन इंच उंच बैठक सुखाची होते. उठतांना श्रम कमी पडतात. पण बैठक २४ इंचांवर गेली कीं तिच्यावर बसणें म्हणजे एक पायरी चढणें आणि उतरणें म्हणजे मागें न पाहतां एक पायरी उतरणें होय. हात असलेलें, पाठ असलेलें, न फिरणारें जड स्टूल घेतलें तरी हा धोका पूर्णपणें टळत नाहीं. अशा घरांत ओट्याची एक बाजू ३० इंचांवर उतरवून घ्यावी आणि तेथें साध्या खुर्च्या मांडाव्या, हें सर्वांत शहाणपणाचें. सजावटकार त्यास नाखूष असतात, कारण एकसंध फळी मोडते. परंतु आजीला चहा दुसऱ्या खोलींत एकटीनें घ्यावयास लावणारी एकसंध फळी काय कामाची? त्या उतरलेल्या बाजूवर शाळेंतलीं मुलेंहि अभ्यासाला बसतात.

लहान मुलांच्या बाबतींत भय निराळें आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला हलकें स्टूल ओढत नेतां येतें, आणि ओढतां येणारें प्रत्येक स्टूल ही त्याची शिडी असते. त्या शिडीनें तें गॅसपर्यंत पोंचतें. गॅलरीच्या कठड्यापर्यंत आणि उघड्या खिडकीपर्यंतहि पोंचतें. दहा मजली इमारतींत ही गोष्ट पुन्हां पुन्हां सांगण्यासारखी आहे. मूल मोठें होईपर्यंत जड स्टुलें घ्यावीं किंवा घेऊंच नयेत. आणि खिडकीला जाळी नसेल तर तिच्याजवळ काउंटर आंखूं नये.

पाठीची गरज बसण्याच्या वेळेवर अवलंबून आहे. चहापुरतें बसावयाचें असेल तर बिनपाठीचें स्टूल पुरतें, आणि तें फळीखालीं सरकवून वाट मोकळी करतां येते. अर्धा तास बसावयाचें असल्यास कमरेला टेकेल एवढी तरी पाठ हवी. साडी नेसणाऱ्यांनीं दांड्यांचीं टोंकें, खिळे आणि फिरत्या आसनाखालची फट नीट न्याहाळावी. निऱ्या दांडीत अडकतात आणि पदर फिरत्या खांबाभोंवतीं गुंडाळला जातो. ही गोष्ट परदेशी माहितीपत्रकांत सांपडणार नाहीं.

द्रव्याविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. सागवानाचें, एका लांकडाचें टोंक दुसऱ्याच्या खांचेंत बसवून सांधलेलें स्टूल नुसत्या खिळ्यांवर उभ्या असलेल्या स्टुलाहून कितीतरी अधिक टिकतें. कोंकणपट्टींत आणि मुंबईंत खाऱ्या दमट हवेनें साधें लोखंड रंगाखालून गंजतें. वेल्डिंगच्या सांध्यांवर रंग नीट चढला आहे कीं नाहीं हें पाहावें. गादीवर चढविलेलें स्वस्त नकली चामडें दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सोडतें. त्यापेक्षां उघडें लांकूड किंवा विणलेला वेत बरा, आणि मऊपणा हवाच तर बांधून काढतां येणारी सुती उशी. गादीचें आसन बसल्यावर एखादा इंच दबतें, तेव्हां माप बसलेल्या स्थितींत घ्यावें. पायांखालीं रबराचीं किंवा नमद्याचीं बुचें लावण्यास विसरूं नये. रात्रीं अकरा वाजतां फरशीवरून ओढलेल्या लोखंडी स्टुलाचा आवाज खालच्या मजल्यावर कसा ऐकूं येतो, हें खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना ठाऊक असतें.

संख्येचा मोह मात्र आवरावा. एका माणसाला फळीची २४ इंच लांबी लागते. सहा फुटांच्या काउंटरला तीन स्टुलें, त्यांना हात असतील तर दोनच. बसलेल्या माणसाच्या पाठीमागून जावयाचें असेल तर फळीच्या कडेपासून भिंतीपर्यंत ३६ इंच असल्यास अंग चोरून जातां येतें, ४४ इंच असल्यास हातांत ताट घेऊन. चार माणसांच्या घरांत चौघें एका वेळीं काउंटरवर क्वचितच बसतात. दोन स्टुलें बाहेर आणि एक आंत, एवढ्यावर पुष्कळ घरांचें भागेल. दुकानांत जातांना टेप, ओट्याचें माप लिहिलेला कागद आणि घरांतली सर्वांत ठेंगणी व्यक्ति, हीं तिन्ही बरोबर न्यावीं. आणि त्या व्यक्तीनें तेथें निदान पंधरा मिनिटें बसून पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत.